न आलेला वळू

मी डॉक्टर नव्हतो. नेमणुकीच्या कागदावर 'पशुधन पर्यवेक्षक' असं लिहिलेलं होतं, पण पंचक्रोशीत सगळे मला डॉक्टरच म्हणत. नव्या नोकरीत ते ऐकायला बरं वाटे. दोन वर्षांत त्या हाकेचाच वीट आला. सकाळी दात घासत असताना 'डॉक्टरानू, गाय उठना नाय', ताटावर बसलो की 'डॉक्टरानू, म्हस अडली'. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव ते दोन हजार दहा अशी बारा वर्षं मी ही नोकरी केली, निम्मी आचऱ्याच्या आतल्या बाजूच्या एका गावात, मधली सहा शिरोड्याकडे. त्या बारा वर्षांतलं काय काय आठवतं म्हणून कुणी विचारलं तर आधी गुडघे आठवतात आणि मग सड्यावरची गवळीवाडी.

गावाच्या डोक्यावर जांभ्या दगडाचा उघडा सडा होता आणि त्याच्या पलीकडच्या कडेला अकरा घरांची ही वाडी. तेव्हा तिथे रस्ता नव्हता. मोटरसायकल खाली फणसाखाली लावायची आणि औषधांची पिशवी खांद्याला अडकवून पाऊण तास चढायचं. वाडीतल्या बायका तोच चढ रोज दोनदा करत, दुधाच्या कॅन घेऊन. शेणखत वेगळं. बाजारपट्ट्यातल्या हॉटेलांना दूध, माडवाल्यांना खत, सणासुदीला तूप, एवढ्यावर ती अकरा घरं पिढ्यान्‌पिढ्या जगत आली होती.

गायी गावठी. बुटक्या, काळ्या-तांबूस, पाय काटक. दूध म्हणाल तर वेळेला लिटर-दीड लिटर. प्रशिक्षणात आम्हाला शिकवलं होतं की अशी गाय म्हणजे नुसता खायला काळ. मीही तसंच धरून चाललो होतो. पण भर पावसात बाहेरून आणलेल्या संकरित गायी खुरं सडून बसायच्या तेव्हा या गायी शेवाळलेल्या कातळावरून चरत चरत निघून जायच्या. किडा पडलाच तर बायका करंजाचं तेल घालून मोकळ्या. मला बोलावणंही येत नसे, आणि खरं सांगतो, त्याबद्दल मी त्यांचा आभारी होतो.

या माणसांना सुट्टी म्हणून नव्हती. लग्न असो की बारसं, प्रत्येक घरातून दोघं तरी ढोरांपाशी मागे राहत. सख्ख्या बहिणीच्या लग्नात अक्षता टाकायला न मिळालेले भाऊ मी त्या वाडीत पाहिले आहेत. विचारलं तर म्हणत, 'ढोरांक कोण बघतलो?' आणि विषय संपे.

वाडीचा वळू एका घराच्या ताब्यात असे. त्या घरातल्या म्हाताऱ्याला सगळे आबा म्हणत, मीही म्हणे. त्यांची एक रीत होती. वळूच्या पोटच्या पाड्या माजावर यायच्या वयाच्या झाल्या की त्या वळूला त्यांच्याजवळ जाऊ द्यायचं नाही. बाप आणि लेक, असं आबा चक्क तोंडाने म्हणत. म्हणून दर तीन वर्षांनी वाडीत वाढवलेला एक तरणा वळू, म्हणजे पाडा, आबा चालवत तळेऱ्याच्या पलीकडे, बहिणीच्या सासरच्या वाडीत नेऊन देत आणि तिथला तरणा वळू इकडे आणत. दोन दिवसांची चाल, वाटेत एका देवळात मुक्काम. पैशांचा संबंध नाही, कागद नाही. आधी जाऊन समोरचा वळू बघायचा, मग तिथल्या एका गायीच्या पाठीवर पंजा ठेवून 'पाडो दिलो' म्हणायचं. म्हटलं की तो त्यांचा झाला. त्यानंतर तो आपल्या गोठ्यात नुसता ठेवायला असतो.

दोन हजार साली आम्हाला वरून हुकूम आला. गावठी वळू बडवून खच्ची करा आणि गायींना इंजेक्शनने गाभण करा, म्हणजे संकरित पैदास वाढेल. प्रत्येकाला उद्दिष्ट ठरवून दिलं होतं. मी आसपासच्या चार गावांतले पाडे चिमट्याने बडवले. चिमटा म्हणजे लोखंडी पकड, वरून दाबायची. रक्त नाही, जखम नाही, पाच मिनिटांत काम. शेवटी गवळीवाडीत घटसर्पाच्या लशीचं शिबिर लावलं आणि चिमटाही बरोबर नेला. ऊन असं होतं की सड्याकडे बघवत नव्हतं. माझा आकडा एकाने कमी पडत होता.

आबांच्या गोठ्यात अडीच वर्षांचा पाडा बांधलेला होता. आबा घरी नव्हते, तळेऱ्याकडे गेले होते. सुनेने दावं धरलं होतं.

"मामंजी येवंदेत, डॉक्टरानू. ह्या पाड्याचा माका काय म्हायत नाय."

"पाच मिनटांचा काम आसा, वयनी. आबांका मी सांगतंय."

ती दावं सोडेना आणि नकोही म्हणेना. सरकारी माणसाला नको कसं म्हणायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी खाली वाकलो, काम उरकलं आणि वहीत आकडा पुरा केला. मला लवकर खाली उतरून अंघोळ करायची होती, बस्स.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबा दवाखान्याच्या दारात उभे. पायांवर तळेऱ्याच्या वाटेची धूळ तशीच होती. ते तिथला वळू बघून, गायीच्या पाठीवर हात ठेवून आपला पाडा देऊन आले होते. घरी येऊन बघतात तर हे.

"डॉक्टरानू, तो पाडो दिल्लो होतो."

मी योजना समजावायला लागलो. संकरित गाय, आठ लिटर दूध, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ता आसा. पण मी शब्द देवन इलंय. आता भयणीकडे खंयच्या तोंडान जाव?"

ते ओरडले असते तर मीही ओरडलो असतो. माझा स्वभाव तसा तापट आहे आणि भांडणात मी सहसा हरत नाही. पण म्हातारा उभाच राहिला. मला वाटलं, हा आता पंचायत समितीत तक्रार करणार. वेळ मारून न्यायची म्हणून मी म्हणालो, "आबा, मी तुमका सरकारी फार्मावरचो जातीवंत पाडो हाडून देतंय. सा म्हयन्यात."

"वर येवन सांगतास?"

त्याचा अर्थ मला कळला नव्हता असं मी कुणाला सांगितलं तर ते खोटं होईल. मला ती रीत पक्की ठाऊक होती. तरी मी त्यांच्याबरोबर चढलो, त्यांच्या थोरल्या गायीच्या पाठीवर पंजा ठेवला आणि 'पाडो दिलो' म्हणालो. आबांचा चेहरा लगेच निवळला. सुनेने मला ताक दिलं. पुढच्याच आठवड्यात आबा पुन्हा दोन दिवस चालून बहिणीकडे गेले आणि आपल्याकडून शब्द मोडला गेल्याचं सांगून आले. तिकडच्यांनी आपला वळू अर्थातच ठेवून घेतला.

अर्ज मी केला नाही. असा अर्ज करता येत होता. पण त्याला ग्रामपंचायतीचा ठराव हवा, गोठ्याचा नकाशा हवा, शिवाय बडवायची मोहीम चालू असताना वळू मागणारा अर्ज नेला तर वरचा साहेब हसला असता. कोरा नमुना आणून मी टेबलाच्या खणात टाकला. उद्या बघू म्हणता म्हणता तो खालच्या कागदांत गेला. आज इतक्या वर्षांनी कारण शोधायला बसतो तेव्हा कंटाळा याखेरीज दुसरं काही सापडत नाही. माणूस दमला की किती वाईट वागू शकतो याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

सहा महिने गेले, वर्ष गेलं. आबा भेटले की एकदाच विचारत, "पाड्याचा काय झाला?"

"कागद वर गेलो आसा."

"बरा."

त्या 'बरा'ची मला भीती वाटू लागली. बाजारात ते लांबून दिसले की मी वाट बदलत असे.

वाडीचा जुना वळू त्याच पावसाळ्यात आजारी पडून गेला. खालच्या गावांतले मीच बडवलेले. हळूहळू बाकीच्या घरांनी इंजेक्शन घेतलं. काही वासरं जगली, काही गायी अडल्या, तोही व्याप माझ्याच डोक्यावर. एकटे आबा थांबून राहिले. त्यांच्या पाड्या माजावर येत, दोन दिवस हंबरत, गप्प होत, एकवीस दिवसांनी पुन्हा तेच. ते हंबरणं मी खालच्या वाटेवरून ऐकलं आहे. एकदा धीर करून मी म्हटलं, आबा, तोवर इंजेक्शन देऊया का?

"पाडो येतलो मां?"

"येतलो."

"मगे इंजेक्शन कित्याक?"

गोठ्यातलं दूध आटत गेलं. मुलगा गोव्याला हॉटेलात कामाला लागला. सून काजूच्या कारखान्यात जाऊ लागली, तिच्या बोटांची सालं निघालेली दिसत. ती मला बघून पदर सारखा करी आणि हसे. मला शरम वाटे, पण खण उघडून तो कागद भरण्याइतकी कधीच वाटली नाही. दोन हजार तीनमध्ये शिरोड्याकडे बदली झाली तेव्हा मी सुटल्यासारखा निघून गेलो.

दोन हजार नऊला पुन्हा त्याच गावात पाठवलं. तोवर वरचं वारं फिरलं होतं. आता गावठी गाय वाचवायची होती. गावोगावचे जातिवंत गावठी वळू शोधा, मालकाची माहिती भरा, असं परिपत्रक आलं होतं. ते वाचून माझ्या तोंडून एक शिवी गेली, कुणाला ते नीट सांगता येणार नाही. आता वाडीपर्यंत डांबर झालं होतं. खात्याची जीप घेऊन मी वर गेलो.

आबा पडवीत बसले होते. फार वाळले होते. जीप थांबली तसे काठी टेकत उठले, माझ्याकडे न येता जीपला वळसा घालून मागे गेले आणि आत वाकून बघितलं. मग परत येऊन बसले.

"आजव नाय हाडलास," एवढंच म्हणाले.

गोठ्यात दोन म्हाताऱ्या गायी होत्या. बाकी काही नाही. मी कागद काढला आणि सुनेला विचारू लागलो, कारण आबांकडे बघवत नव्हतं. वाडीत गावठी वळू आहे का? नाही. जवळपास? नाही. मग तीच सांगू लागली.

"तुमी शिरोड्याक गेलात ना, त्या वर्सा आत्येचो झील पाडो घेवन इल्लो. दोन दिस चलान. तेनी सांगल्यानी, तुमचो पाडो मागसून दिया, ह्यो आधी ठेवन घेवा. मामंजीनी परत लावल्यानी."

"कित्याक?"

"म्हणाक लागले, डॉक्टरान पाडो दिल्लो आसा. तो घेवन इलो आणि हय दुसरो पाडो बांधलेलो दिसलो, तर तेका काय वाटात?"

मी पेन खाली ठेवलं. आत्याबाईंना, म्हणजे आबांच्या बहिणीला, मुलाला असं परत पाठवल्याचा फार अपमान वाटला, ती सांगत होती. त्यानंतर त्या गणपतीला माहेरी आल्या नाहीत. पुढच्या वर्षी तळेऱ्याकडेही आमच्यासारखं शिबिर झालं आणि तोही वळू बडवला गेला.

मला तिथून पळून जायचं होतं. पण आता पळायचाही कंटाळा आला होता. मी आबांसमोर जमिनीवर बसलो.

"आबा, मी अर्जच केलंय नाय. कधीच नाय. पाडो येवचोच नव्हतो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता, तो असता तर मला सोपं गेलं असतं.

"ता तेवाच सांगूचा होता, डॉक्टरानू," ते म्हणाले. "भयणीचो पाडो ठेवन घेतलो असतंय."

सुनेने चहा आणला. तो मी प्यायलो, कारण नको म्हणायलाही तोंड नव्हतं. कागदावर अजून दोन रकाने रिकामे होते. वळूंच्या संख्येपुढे मी 'निरंक' लिहिलं. त्याच्याखाली वळू नसण्याचं कारण विचारलं होतं. खरं लिहिलं तर चौकशी लागणार, नोकरीवर येणार, आणि आमच्यातले सगळे तिथे काय लिहितात ते मला माहीत होतं. मी लिहिलं, 'पशुपालकाची अनास्था'. आबांना वाचता येत नव्हतं. त्याखाली त्यांचा अंगठा घेतला आणि जीपमध्ये येऊन बसलो.