रामधनकाकांच्या घरातली रेघ

ईसीजीच्या खोलीत बसलं की किस्से शोधायला जावं लागत नाही. माणूस शर्ट काढतो, पलंगावर आडवा होतो आणि खोटं बोलायला लागतो. यवतमाळच्या आमच्या दवाखान्यात मी इतक्या छात्यांना वायरी चिकटवल्या, की आता मशीनआधी माणसावरच संशय येतो. आमचे हार्टचे डॉक्टर माझ्याही वरचे. त्यांना आम्ही पाठीमागे 'शंकासुर' म्हणतो.

या शंकासुराला पुरून उरलं ते एकच घर. रामधनकाका राठोड, फुलसावंगीकडच्या तांड्यावरचे शेतकरी. त्यांचा थोरला, प्रकाश, विहिरीत पोहता पोहता गेला. पट्टीचा पोहणारा पोरगा बुडेलच कसा, ही डॉक्टरांची शंका. काही घराण्यांत ठोके बिघडायचा दोष रक्तातून येतो. माणूस धडधाकट दिसतो आणि धावताना, पोहताना, दचकताना जागच्या जागी जातो. तेव्हा उरलेल्यांना तपासणं आलं. उरलेल्यांत धाकटा सुनील होता, आणि त्याचं लग्न ठरलं होतं.

*

पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी विचारलं, "घरात आणखी कोणी अचानक गेलं का?"

"नाही जी," काका म्हणाले.

"भाऊ वगैरे?"

"लहाना भाऊ गेला न. पंगतीत वाढता वाढता पडला. करणी केलती कोणतरी."

"बहीण?"

"नदीवर धुणं धुवाले गेलती. पाय घसरला."

"आणि तरी अचानक कोणीच नाही?"

काकांना डॉक्टरच जरा कमी वाटले. "अचानक कसं म्हंता सायेब? हरेकाले काही ना काही कारण होतंच न."

*

मग काका-काकूंचा ईसीजी. दोष कोणाच्या रक्तातून आला ते त्यात कळणार होतं, म्हणून काकूंचा भाऊ, म्हणजे पोरांचा मामा, कळंबहून येऊन दाराशी पहारा देत बसला. आत कागद बदलतील, अशी त्याला शंका.

"माह्या बहिणीची रेघ सरळ निघाली पाह्यजे, भाऊ," त्यानं मला बजावलं.

"अगदी सरळ निघाली तर तिले न्यायले चौघं लागतील," मी म्हणालो.

काकूंची रेघ चांगली निघाली. काकांची लांबली, म्हणजे एका ठोक्यानंतर पुढच्यासाठी सावरायला त्यांचं हृदय जास्त वेळ घेत होतं. मामा तडक कळंबला गेला, चिंतामणीचा नवस फेडला आणि पेढे घेऊन परत हजर.

"घ्या दाजी. आमच्याकडचं नाही निघालं."

काकांनी पेढा उलटापालटा करून पाहिला आणि त्याच्यापुढे धरला. "आधी तू खाय."

*

पुढं काकांच्या छातीला दिवसभर ठोके नोंदवणारा डबा बांधला. नीट समजावून सांगितलं, नेहमीसारखं राहा. तांड्यावर बातमी पसरली की डॉक्टर यवतमाळात बसून ऐकून राह्यला. पारावरची माणसं काका दिसले की उठून जाऊ लागली. काका स्वतःही बोलेनात. जेवण खुणेनं मागितलं, बैलाला शिवी तोंडातल्या तोंडात दिली.

डबा परत द्यायला काकू आल्या. काका बाहेर थांबल्याची खात्री करून घेतली आणि हळूच म्हणाल्या, "भाऊ, हे डबडं महिनाभर नाही का भेटत?"

*

राहिला सुनील. तो काही येईना. कधी फवारणी, कधी पाहुणे. खरं कारण मामानंच फोडलं, पोरीच्या बापाला सुनीलचा चांगला ईसीजी पाहिजे होता, नाहीतर सोयरीक मोडणार. एक पोरगा गेलेला, दुसऱ्याचं लग्न मोडायला आलेलं. काकांच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता.

शेवटी एका सकाळी काका 'सुनील'ला घेऊन आलेच. दारातून आडवा आत यावा असा गडी. कबड्डीवाला. मनगटाला क्लिप लावताना दिसलं, हातावर ठसठशीत गोंदलेलं होतं, 'विकास'.

"हे कोण बे?"

"चुलतभाऊ आहे माहा."

"तुह्यावर लय जीव दिसते त्याचा," मी म्हणालो. काका पंख्याकडे पाहत होते.

पंगतीत पडून गेलेल्या त्या धाकट्या भावाच्या पोराचं नाव विकास, हे मला काकूंकडूनच माहीत होतं. म्हटलं, पाहू शंकासुर कधी पकडतो. तेवढ्यात कागद बाहेर आला आणि माझी गंमत तिथंच संपली. रेघ काकांच्याहून लांब.

डॉक्टरांनी कागदावर पट्टी लावली. पुन्हा लावली. "कधी बेशुद्ध पडलास?"

"नाही," काका म्हणाले.

"कबड्डीत पडलोतो. दोन खेपा," गडी म्हणाला.

काकांनी त्याच्या पायावर पाय दिला. डॉक्टरांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"रामधनजी, हा पोरगा वाचवायचा असेल तर आजपासून गोळी. एक दिवस चुकवायची नाही. कबड्डी बंद, पोहणं बंद. नागपूरला मी आत्ताच फोन करतो. सुनील, समजलं ना?"

काका भिंतीला धरून खाली बसले. गड्यानं त्यांच्याकडे पाहिलं, मग हातावरच्या नावाकडे.

"सायेब," तो म्हणाला, "हे गोळी सुनीलनं खायची का मी?"