तांबडा सोळा, निळा सोळा

महादेवी बिराजदार एसटीत चढायच्या आधी ड्रायव्हरला विचारणार, "निलंग्याला जाते ना?" चढल्यावर कंडक्टरला विचारणार. बसल्यावर शेजारच्या बाईला. तिघांनी एकच उत्तर दिलं की तिची शंका आणखी वाढायची. तिघं इतके एकमतानं कसे काय बोलले?

भाजीवाल्याला ती आधी रिकामा काटा उचलायला लावी. दूध तापवायच्या आधी बोटावर घेऊन बघे. गंजगोलाईतले दुकानदार तिला लांबूनच ओळखत. "आल्या तपासणीवाल्या," असं म्हणत आणि चांगला माल पुढं सरकवत, म्हणजे संशयाचा तोटा झाला असं काही म्हणता येत नाही. लग्न झालं नाही. स्थळ आलं की ती मुलाची चौकशी इतक्या ठिकाणी करी, की ती चौकशी मुलाच्या कानावर जाई आणि तोच पळून जाई.

बाई वेडी नव्हती. उदगीरच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाली होती, आणि लातुरात शरणप्पा सरांच्या क्लासमधली संगणकाची खोली तिनं एकटीनं उभी केली होती. पुस्तकं मागवून, रात्रंदिवस डोकं घालून शिकली. सगळं विंडोजवर चालत असताना हिनं लिनक्स बसवलं. का? तर आतला सगळा मजकूर उघडून वाचता येतो. झाकलेली वस्तू तिला चालायचीच नाही.

भूकंपानंतर दहा-बारा वर्षांनी लातूर काय झालं होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको. गल्लोगल्ली क्लास, त्यावर हॉस्टेल, त्याखाली मेस. मुरुडची, अहमदपूरची, पार इस्लापूरकडची पोरं डोळ्यात डॉक्टरकी घेऊन येत. सरांच्या क्लासमध्ये दर रविवारी चाचणी. पोरं गोल काळे करत, यंत्र ते गोल वाचे, आणि सोमवारी निकाल भिंतीवर लागे. वरचे चाळीस जण सर स्वतः शिकवत त्या तुकडीत. बाकीचे इतरांकडं. त्या भिंतीसमोर आईबाप देवळात उभे राहावेत तसे उभे राहत.

त्या वर्षी सरांनी गोल वाचणारं नवं यंत्र आणलं आणि जुना लिनक्स त्याला ओळखेना. कर्नेल बदलावं लागणार होतं. कर्नेल म्हणजे संगणकाच्या कारभाराचा गाभा. महादेवीनं तसं सरांना सांगितलं.

"कर्नल बदलायचा?" सर म्हणाले. "अक्का, आपल्याकडं मिल्ट्रीतला कोण हाय?"

"कर्नल न्हाई सर, कर्नेल."

"कोण का असंना. रविवारच्या आत बदला."

नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नुकताच बाहेर पडलेला आलोक त्यासाठी येऊन गेला. हुशार पोरगा, घाईचा. नवं कर्नेल बसवलं आणि निघताना एक गोष्ट बजावून गेला. संगणक सुरू झाला की त्याला जोडलेल्या एकेक वस्तूला नाव द्यावं लागतं: ही पहिली डिस्क, ही दुसरी, हा प्रिंटर. नाव देणारा एक कारभारी आत असतो. जुन्या कारभाऱ्याचं नाव डेव्ह-एफएस, नव्याचं यूडेव्ह.

"मॅडम, नवा आलाय तर जुन्याला बंद करा. आत्ताच काढून टाकतो ना मी."

"राहू द्या. मी करीन."

"विसरू नका. दोघंबी राहिले तर दोघंबी नावं वाटत बसतेत."

"हाव, हाव," महादेवी म्हणाली.

आलोक बसस्टँडकडं गेला आणि ती खुर्चीत बसून विचार करू लागली. हा जुनं काढायची एवढी घाई कामून करायलाय? नवं अडलं की प्रत्येक वेळी त्यालाच बोलवावं लागावं म्हणून? जुना कारभारी इतकी वर्षं इमानानं चालला होता. तिनं त्याला बंद केलं नाही. दोघंही ठेवले. एक फसला तर दुसरा. वर समाधानानं चहा घेतला.

पुढच्या सोमवारी निकाल लागला. दुपारच्या आत सर खोलीत आले आणि दार लावून घेतलं.

"ऋतुजा कितवी आली?"

"तिसरी," महादेवी म्हणाली.

"ती चाचणीला होती का?"

ऋतुजा मुरुडची, शेतकऱ्याची पोर. रविवारी ती मामाच्या लग्नाला अहमदपूरला गेली होती. सुट्टी सरांनीच दिली होती. पेपरला न बसलेली पोरगी तिसरी आली होती.

"आणि ती राहते कुठं?" सरांनी विचारलं. उत्तर त्यांना माहीत होतं. पंचशीलेच्या घरी, माडीवरच्या खोलीत.

पंचशीला म्हणजे या खोलीतली दुसरी बाई. उत्तरपत्रिका यंत्रात घालणं, निकाल छापणं, ही कामं तिची. कामाला चोख, बोलायला फटकळ.

"संध्याकाळच्या आत बघा," सर म्हणाले. "तिनंच केलं असंल तर उद्यापासून येऊ नको म्हणून सांगून टाकू. पालकांच्या कानावर गेलं तर क्लास बंद पडंल, अक्का."

पंचशीलेचं आडनाव ऐकल्यावर शंका आधी आणि पुरावा नंतर, अशी माणसं लातुरात कमी नव्हती. महादेवीला वाटे, आपण त्यांतल्या नाही. आपण सगळ्यांवर सारखाच संशय घेतो. पण सारखा म्हणजे किती सारखा, हे तिनं कधी तपासलं नव्हतं. काटा मात्र रोज तपासायची.

आता तिला एकेक आठवायला लागलं. पंचशीला ड्रॉवरला कुलूप लावते. मी आत आले की पडद्यावरची खिडकी मिटवते. मागच्या महिन्यात ऋतुजा तिला डबा द्यायला आली होती, दोघी कुजबुजत होत्या. स्वतः महादेवीच्या ड्रॉवरला दोन कुलपं होती, ते मात्र आठवलं नाही.

पंचशीला जेवून आली. महादेवीनं तिला बसूही दिलं नाही.

"ऋतुजाला मार्क कुणी दिले?"

"यंत्रानं."

"ती पेपरला नव्हती."

पंचशीलेच्या लक्षात आलं, कशाबद्दल चाललंय ते. दुकानाचं शटर पडावं तसा तिचा चेहरा बंद झाला.

"म्हंजी मी दिले."

"मी असं म्हणलं का?"

"मग काय म्हणायलात, मॅडम? सकाळपासनं सर माझ्याकडं बगनात, शिपाई चहा ठेवून पळायलाय. मला कळत न्हाई व्हय?"

"ऋतुजा तुझ्या घरी राहते."

"ऱ्हाते. भाडं देऊन ऱ्हाते." पंचशीलेनं पर्स टेबलावर आपटली. "आन् दयानंदला बहात्तर हायेत, ते कुणी दिले? तो दसऱ्यालाच हितला क्लास सोडून नांदेडला गेला. तो बी माझ्या माडीवर ऱ्हातो का?"

महादेवीची नजर निकालाच्या यादीवर गेली.

"बगा की," पंचशीला म्हणाली. "सगळ्यांचं बगता, ह्येबी बगा." आणि ती बाहेर व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. घरी गेली नाही. गेली असती तर पळाली म्हणाले असते, एवढं तिला कळत होतं.

महादेवी संगणकासमोर बसली. खरं सांगायचं तर पंचशीलेनं आणखी कुणाकुणाला मार्क वाटलेत ते शोधायलाच बसली. दयानंदचं नाव काढलं. बहात्तर. गेलेल्या पोराला कुणी कशाला मार्क देईल? त्यात कुणाचा फायदा? संशय घ्यायचा तरी त्याला काही कारण लागतं, आणि इथं कारणच सापडेना. या गोष्टीनं ती फार अस्वस्थ झाली.

मग तिनं संगणकाला निकाल पुन्हा काढायला लावला. सवयीप्रमाणं पडद्याकडं न बघता आजूबाजूला बघत बसली, कुणी येतंय का म्हणून. त्यामुळंच दिसलं. खोलीत दोन डिस्क जोडलेल्या होत्या. टेबलावरची डिस्क रविवारच्या चाचणीची. वरच्या फळीवरची जुन्या निकालांची, जपून ठेवलेली. निकाल निघताना टेबलावरच्या डिस्कचा दिवा लागलाच नाही. लुकलुकला तो फळीवरचा.

महादेवी उठून उभी राहिली.

नवं यंत्र उत्तरं लिहीत होतं "पहिल्या डिस्क"वर. निकालाचा जुना प्रोग्रॅम वाचत होता तोही "पहिली डिस्क". पण यंत्र विचारत होतं नव्या कारभाऱ्याला, आणि प्रोग्रॅम जुन्याला. एकाची पहिली टेबलावर होती, दुसऱ्याची फळीवर. दोघंही खरं बोलत होते. भिंतीवर लागला होता तो अख्खा निकाल दसऱ्याआधीच्या एका जुन्या चाचणीचा. ऋतुजा त्या चाचणीला हजर होती. दयानंदही.

तिला एकदम पत्र्याची शेडं आठवली.

भूकंप झाला त्या पहाटे ती लातुरातल्या भाड्याच्या खोलीत होती. तिचं गाव तेरणेच्या काठी, किल्लारीच्या अंगाला. गाव राहिलंच नव्हतं. आई, पार्वतम्मा, वाचली एवढं कुणीतरी सांगितलं, आणि नंतर निरोप आला: शेडात आहे, सोळा नंबरला. महादेवी सोळा नंबरच्या दारात गेली तर आत परकी बाई, दानम्मा, चूल पेटवत बसलेली. पार्वतम्मा कोण, तिला ठाऊक नाही. महादेवीचं डोकं फिरलं. "माझ्या आईचं शेड बळकावलंस," म्हणून सगळ्या लाईनीसमोर तिनं त्या बाईला नाही नाही ते बोलून घेतलं. दानम्माचा नवरा आणि दोन लेकरं त्या पहाटे गेली होती. ती एवढंच म्हणाली, "ये की आत. तुझी अव्वा मी चुलीत लपवली का बघ."

आई सापडली ओढ्यापलीकडं. तिच्याही शेडावर सोळा होता, पण निळ्या रंगात. दानम्माचा तांबडा. एका पथकानं या टोकापासून नंबर घातले होते, दुसऱ्यानं त्या टोकापासून. दोघांचीही मोजणी बरोबर होती. एकमेकांना कुणी विचारलं नव्हतं, आणि आधीचे आकडे कुणी पुसले नव्हते. कुणीही काही बळकावलं नव्हतं.

त्या दिवशी महादेवीनं धडा घेतला तो असा: एकावर भरवसा ठेवायचा नाही, दोन्ही नंबर जवळ ठेवायचे. तो धडा तिनं इतकी वर्षं जपला. आणि आता कळलं की तो उलटा होता. दोन नंबरांपैकी एक कुणीतरी वेळेवर पुसायला हवा होता.

पुसायचं काम फार नव्हतं. संगणक सुरू होताना जुन्या कारभाऱ्याला जागं करणारी ओळ तिनं काढली. मग निकालाच्या प्रोग्रॅमला नव्या नावांची ओळख करून दिली. त्यातही टेबलावरच्या डिस्कला त्या डिस्कच्याच खुणेवरून कायमचं नाव बांधलं, म्हणजे कुणी कुठंही जोडली तरी ती तीच राहील. जुन्याला बंद करायचं तर आलोकनं आधीच सांगितलं होतं. संगणक बंद करून चालू करायच्या वेळी तिचा हात थांबला. जुना गेला आणि नवा फसला तर? तेवढ्यात व्हरांड्यातून पंचशीलेच्या चपलेचा आवाज आला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. महादेवीनं बटण दाबलं.

टेबलावरचा दिवा लुकलुकला. ऋतुजा: गैरहजर. दयानंदचं नावच नाही.

ती बाहेर आली. "पंचशीला, तुझं काही नाही. माझ्याकडून झालंय. दोन नावं देणारे चालू राहिले होते. आलोकनं जुना बंद करायला सांगितलं होतं, मी केला नाही."

कामावरून जाता जाता वाचलेल्या बाईनं रडावं, नाहीतर निदान सुस्कारा सोडावा, असं महादेवीला वाटलं असेल. पंचशीलेनं तिच्याकडं डोळे बारीक करून बघितलं.

"कशावरून?"

"म्हणजे?"

"आत्ता म्हणायलात मशीनचं हाय. उद्या सर ओरडले की म्हणचाल, न्हाई, पंचशीलानंच केलं हुतं, मी झाकून घेतलं. मला दाखवा."

"मी खोटं बोलेन का?"

"मला काय माहीत मॅडम?" पंचशीला म्हणाली. "मी खोटं बोलंन, असं तुमाला वाटलंच हुतं की."

महादेवीनं तिला आत नेलं, जुन्या कारभाऱ्याला पुन्हा जागं केलं, आणि फळीवरचा दिवा लागतो तो दाखवला. मग त्याला बंद करून टेबलावरचा दाखवला.

"परत एकदा," पंचशीला म्हणाली.

महादेवीनं परत दाखवलं.

"आता सरांना बोलवा. त्यांच्यासमोर करा. आन् कुणामुळं झालं ते तुमीच सांगा, मी न्हाई सांगणार."

सर आले. महादेवीनं सांगितलं, न अडखळता आणि न सजवता. सर आधी भिंतीवरचा निकाल काढायला माणूस पाठवून मोकळे झाले, मग तिच्यावर ओरडले, आणि मग पंचशीलेकडं वळून म्हणाले, "झालं ते झालं, पंचशीला. मनावर घेऊ नको."

"शिपायाला सांगा," पंचशीला म्हणाली. "माझा चहा सकाळपासनं दाराबाहेर ठेवायलाय."

तोवर दोन पालक दारात आले होते, निकाल का उतरवला म्हणून विचारायला. सर त्यांच्याकडं गेले. पंचशीला नवीन निकाल छापायला बसली. महादेवी तिच्या मागं उभी राहिली, नेहमीसारखी, पडद्याकडं बघत. पंचशीलेनं मान न वळवता खुर्ची थोडी बाजूला सरकवली, मागं उभ्या असलेल्या बाईला नीट दिसावं म्हणून, आणि मग स्वतःच वाकून टेबलावरच्या डिस्ककडं बघितलं. दिवा लागला होता. तरी तिनं फळीवरच्या डिस्कची वायर उपटून ठेवली.

महादेवीनंही तेच केलं असतं.