मागचं दार

दुबईजवळच्या फुजैराच्या ज्या हॉटेलात मी वीस वर्षं पाहुण्यांचं सामान उचललं, तिथेच काल भाचीचं रिसेप्शन होतं. लॉबीतल्या बखूरच्या, त्या अरबी धुपाच्या, धुराने ती म्हातारी, कृष्णवर्णीय अमेरिकन बाई आठवली. तेव्हाही लॉबीत असाच धूर होता, आणि पाहुण्यांची लिफ्ट बंद पडली होती.

"मॅडम, स्टाफच्या लिफ्टने नेतो," मी म्हणालो.

ती खुर्चीत बसली. "माझ्या लहानपणी आम्हा काळ्यांना मागच्याच दाराने आत घ्यायचे. ते बंद व्हावं म्हणून माझी आई तुरुंगात गेली. मी थांबते."

तासभर ती ताठ बसून राहिली. मला तो नुसता हट्ट वाटला होता.

काल अंगात सूट, खिशात आमंत्रण असूनही गाडीतून उतरून मी सरळ स्टाफच्या दाराकडे निघालो होतो. मुलीने बाही धरली. "डॅडी, व्हाय धिस डोअर?"

मला तिथून जायला कोणी सांगितलंही नव्हतं.