वाचक सुरू होत नाही

दुपारचे तीन वाजून गेले आहेत. मार्चच्या उन्हाने अमरावती निपचित पडली आहे आणि ग्रंथालयातला कूलर पाण्याविना नुसताच घरघरतो आहे. रोहिणी काळमेघ टेबलावर हात आडवा ठेवते आणि त्याच्यावर कपाळ टेकवते. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं. समोरच्या काळ्या पडद्यावरची लाल अक्षरं तशीच आहेत. सकाळपासून तिने एकच आज्ञा बावीस वेळा टाइप केली आहे आणि बावीस वेळा एकच उत्तर मिळालं आहे: वाचक सुरू होत नाही.

‘वाचक’ हे एका सेवेचं, म्हणजे कॉम्प्युटरवर सतत चालणाऱ्या एका प्रोग्रामचं, नाव. हे ग्रंथालय अंधांसाठी आहे. इथली पुस्तकं कपाटात कमी आणि ध्वनिमुद्रणात जास्त. फोन लावायचा, पुस्तकाचा नंबर दाबायचा, की मशीनमधला वाचक ते पुस्तक ऐकवायला लागतो. कोणतं ध्वनिमुद्रण कुठे आहे ते त्याला सांगते दुसरी सेवा, ‘सूची’. गुरुवारी वीज गेली, आली, पुन्हा गेली, आणि त्यात जुनं मशीन जळलं. ध्वनिमुद्रणांची डिस्क बचावली, पण या सेवा कशा चालवायच्या ते लिहिलेल्या फायली गेल्या. काल रोहिणीने नव्या मशीनवर त्या आठवून आठवून पुन्हा लिहिल्या. तेव्हापासून वाचक उठतो आणि लगेच कोसळतो.

सोमवारी बारावीचा इतिहासाचा पेपर आहे. मेळघाटापासून दर्यापूरपर्यंतची चाळीसेक मुलं-मुली या फोनवरच धडे ऐकतात. धारणीच्या सुवर्णाचा सकाळपासून तीनदा फोन आला. “ताई, शेवटचे दोनच धडे राहिले हो,” एवढंच ती म्हणते. रागावत नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

हे सगळं उभं केलं होतं देवानंद तायडे सरांनी. सर जन्मांध. माऊस आणि चित्रं त्यांच्या काय कामाची? ते मशीनशी लिहूनच बोलत. मशीनही लिहूनच उत्तर देई, आणि पडद्यावरची अक्षरं वाचून दाखवणारा मशीनचा सपाट आवाज ते उत्तर त्यांच्या कानात सांगे. रोहिणी इथे टायपिस्ट म्हणून आली होती. हळूहळू तिला हे सगळं त्यांनीच शिकवलं. आठ महिन्यांपूर्वी सर गेले. रोहिणी तेव्हा बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. बातमी मोबाइलवर आली, दोन ओळींची.

कूलरची घरघर जाड होत जाते. जाड होत होत ती इंजिनाची होते.

एसटी स्टँड. अमरावतीचंच, पण फलाटांवर माणूस नाही. बसगाड्या ओळीने उभ्या आहेत आणि वरच्या कर्ण्यातून तो सपाट आवाज बोलतो आहे. “परतवाडा, सुरू. अकोट, सुरू. वाचक, बंद.” बाकावर तायडे सर बसले आहेत. अर्ध्या बाह्यांचा शर्ट, घडी घातलेली पांढरी काठी मांडीवर. सर इथे कसे, असं रोहिणीला जराही वाटत नाही. उशीर आपल्यालाच झाला, एवढंच वाटतं.

“काय करून राहिली एवढ्या उन्हात?” सर विचारतात. तिची पावलं त्यांनी ओळखली आहेत.

“बस सुटत नाहीये सर.”

“कोणती?”

“वाचक.”

“मग तू काय केलं?”

“पुन्हा सुरू केली. बावीस वेळा.”

सर खळखळून हसतात. “म्हणजे ड्रायव्हरच्या कानात बावीस वेळा ओरडली. अगं, ओरडू नको त्याच्यावर. झालं काय, ते विचार ना त्याले.”

रोहिणी बसकडे जाते. पायरी फार उंच आहे. ड्रायव्हरच्या जागेवर कुणी नाही, पण उत्तर मात्र येतं, त्याच सपाट आवाजात. “निघालो. मागे पाहिलं. गाडी रिकामी. परत आलो.”

ती बाकापाशी येऊन सांगते. “सर, ती अडकलेली नाहीच. निघते, रिकामी आहे असं पाहून परत येते.”

“हां,” सर म्हणतात. “आता कामाचं बोलली. चल, चहा ठेवू.”

ते उठतात आणि स्टँड संपतं. ती सरांच्या परतवाड्याच्या घरात, स्वयंपाकघरात उभी आहे. तिथे मिट्ट काळोख आहे. सरांनी दिवा कधी लावलाच नव्हता, त्यांना लागतच नसे. ती या घरी एकदाच आली होती, त्यांच्या बहिणीच्या मुलीच्या साखरपुड्याला. तेव्हा सगळीकडे माणसं होती. आता फक्त भांड्यांचा आवाज आहे. सरांचा हात तिच्या हातात पातेलं देतो.

“तू कर,” ते म्हणतात.

ती चाचपडत पाणी ओतते, साखर टाकते. किसलेलं आलं हाताला लागतं, ते टाकते. दुधाचं भांडं तिथेच आहे, तेही ओतते. थोड्या वेळाने पातेल्यातून एक बारीक, ओळखीचा, नको असलेला आवाज येतो. दूध फाटल्याचं तिला अंधारातही कळतं.

“नासला,” ती म्हणते. तिला रडू येतं. चहासाठी माणूस इतकं रडत नाही, हे तिला स्वप्नातही कळतं आहे.

“चहाले आलं लागते?”

“लागतं.”

“दूध लागते?”

“लागतं सर.”

“मग चुकलं काय?”

“मी दोन्ही एकदम टाकलं.”

“आलं उकळू द्यायचं. त्याचं काम पुरं झालं की मग दूध.” काळोखात सर फाटलेला चहा ओतून टाकतात, पातेलं विसळतात. “तुह्या फायलीत काय लिहिलं तू?”

“वाचकाला सूची लागते, असं लिहिलंय. नीट लिहिलंय सर, पुन्हा पुन्हा पाहिलं.”

“लागते, हे लिहिलं. आधी कोण, मग कोण, ते लिहिलं का?”

“लागते म्हटल्यावर आधी तीच येणार ना?”

“काहून? तू सांगितलं का तसं?” सरांचा आवाज मुळीच कठोर नाही. वर्गातल्यासारखाच आहे, जरासा मजेत. “ते मशीन आहे बाई. लागते म्हटलं तर दोघांनाही एकदमच हाक मारते. तू आज्ञा दिली की दर वेळी इकडे सूची आपली यादी पुसून नव्याने मांडून राहिली, तिकडे वाचक येऊन पाहतो तर यादी कोरी. जाते बिचारा परत.”

आणि ती आता ग्रंथालयात आहे. टेबल हेच, खुर्ची हीच, पण दिवस सरांच्या शिकवणीचा पहिला. तिची बोटं टाइप करायला अधीर आहेत आणि सर तिच्या शेजारी उभे राहून म्हणतात, “पडदा बंद कर.” तिने तेव्हा बंद केला होता तसाच आताही करते. काळोखात तो आवाज अक्षर अक्षर सांगतो आणि तिला पहिल्यांदा कळतं की सर दिवसभर कुठे असतात. त्या दिवशी ती घाबरली होती. आज तिला तिथेच बसून राहावंसं वाटतं.

“सर, मी आले नव्हते.”

“कुठे?”

“तुम्ही गेलात तेव्हा.”

“तू दवाखान्यात होती. मले काय माहीत नाही?” ते खुर्ची ओढून बसतात. “पोरगी का पोरगा?”

“मुलगी. रेवा नाव ठेवलं.”

“रेवा,” ते म्हणतात. नवीन आलेल्या पुस्तकाचं नाव म्हणून पाहायचे तसं, सावकाश. “चांगलं आहे. दोनच अक्षरं, टाइप करायले सोपं.”

रोहिणी हसते. हेच बोलायचं राहिलं होतं. आठ महिने तिने ते वाक्य कुठे कुठे म्हणून पाहिलं आहे, भांडी घासताना, बाळाला थोपटताना. आता तोंडात येतं ते मात्र फारच कोरडं येतं. “सर, मी तुमची आभारी आहे.”

“अरे बाप्पा!” सर मान मागे टाकून हसतात. “आभार मानायले तू काय सभेची अध्यक्ष आहे?”

ती खजील होते. मग सरांचं हसू ओसरतं. काठीची घडी ते उघडतात, टक टक टक, एकेक तुकडा जागेवर बसतो.

“बरं वाटलं पण,” ते म्हणतात. “पुन्हा म्हण.”

“मी तुमची आभारी आहे, सर. तुम्ही शिकवलं नसतं तर मी आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं टाइप करत बसले असते. मला कुणी कधी काही विचारलं नसतं.”

सर मान हलवतात. ऐकताना ते नेहमी डावा कान पुढे करायचे, तसा केलेला आहे, सगळं नीट कानात घ्यावं म्हणून. कुठेतरी फोन वाजू लागतो.

“घे,” सर म्हणतात. “पोरगी वाट पाहून राहिली.”

फोन खरोखरच वाजतो आहे. रोहिणी डोकं उचलते. कूलर घरघरतो आहे, ऊन खिडकीतून टेबलाच्या पायापर्यंत सरकलं आहे. पलीकडच्या खोलीत लीलाताई ढोमणे फोन उचलतात. लीलाताई इथल्या टेलिफोन ऑपरेटर, त्याही अंध, सरांच्या बरोबरीच्या. “हो बाळा सुवर्णा, अजून नाही गं,” त्या म्हणतात.

“लीलाताई, तिला थांबवा!” रोहिणी ओरडते. “ठेवू नका फोन!”

ती वाचकाची फाइल उघडते. ‘वाचकाला सूची लागते’ ही ओळ तिथे आहे. तिच्याखाली ती एक ओळ लिहिते: वाचकाने सूचीनंतरच यावं. फाइल जतन करते, फायली पुन्हा वाच म्हणून मशीनला सांगते, आणि तेविसाव्यांदा आज्ञा देते.

काहीच होत नाही. लाल अक्षरंही येत नाहीत. मशीन गप्प आहे आणि रोहिणी सेकंद मोजते आहे. दहा सेकंद, पंधरा, वीस. सूची आपलं काम करते आहे, आणि आज पहिल्यांदाच कुणीतरी तिच्यासाठी थांबलं आहे. मग रोहिणी मशीनला विचारते, वाचक कसा आहे? उत्तर हिरवं येतं. सुरू.

“आता जोडा तिला,” ती म्हणते. लीलाताई कळ दाबतात आणि कान लावून ऐकतात. थोड्या वेळाने म्हणतात, “लागलं. धडा लागला. पोरगी काही बोलतच नाही, नुसती ऐकते आहे.”

रोहिणी खुर्चीत मागे टेकते. हात चुरचुरतो म्हणून ती पाहते, तर कोपरापासून मनगटापर्यंत कातडीवर बारीक बारीक खळगे उमटले आहेत, ओळींनी. टेबलावर, जिथे तिचा हात होता तिथे, ब्रेलचा एक जाड कागद आहे. झोपताना तो तिथे नव्हता. ती तो उचलते तसा तो करकरतो.

“तो मीच ठेवला,” लीलाताई दारात येऊन म्हणतात. “नागपूरच्या मेकॅनिकचा नंबर सरांच्या खणात सापडतो का पाहत होते, तर हा हाताला लागला. तू झोपलेली. उठवायचं जिवावर आलं, म्हणून हाताखाली सरकवला.”

“काय आहे त्यात?”

लीलाताई कागद घेतात, बोट फिरवतात. “वरती लिहिलंय, मशीन बंद पडलं तर कोणाला बोलवायचं. एक, रोहिणी काळमेघ. दोन, तायडे. तीन, नागपूरचा मेकॅनिक, आणि पुढे लिहिलंय, हा नुसता पैसे घेतो.” त्या हसतात. “खाली तारीख आहे. तीन वर्षं झाली बघ.”

तीन वर्षांपूर्वी सरांना विचारल्याशिवाय एक फाइल उघडायचीही रोहिणीला भीती वाटायची.

“माझं नाव आधी?” ती विचारते. “नीट पाहा ना लीलाताई.”

“नीटच पाहिलं. आधी तू आहेस.”

रोहिणी हात पुढे करते. लीलाताईंचं बोट तिच्या कातडीवरून हळू फिरतं, थांबतं, पुन्हा मागे येतं.

“उलटं उमटलंय, आणि खड्ड्यांनी,” त्या म्हणतात. “वाचता नाही येत. पण अजून गरम आहे.”