गुरुजींच्या नावावरची खरेदी

गुरुजींच्या पासवर्डमध्ये आठ अक्षरं होती. त्यातली पाच टाइप करून झाली होती, तेव्हा मी भिंतीतली फोनची वायर उपटली.

"हे कावून केलं?" गुरुजींनी विचारलं.

आवाज चढलेला नव्हता. पण आयुष्यभर वर्गात उभं राहिलेल्या माणसाचा तो आवाज होता, आणि पलीकडच्या किराणा दुकानातून आमचे हे मान वाकवून बघायला लागले. गुरुजींनी ह्यांना चौथीत शिकवलं होतं. त्या नात्यानं ते मला सूनबाई म्हणत, आणि मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर पडू देत नसे. अशा माणसाच्या हाताखालून मी चालू काम काढून घेतलं होतं, आणि कावून केलं ते मला नीट सांगताही येत नव्हतं.

केजला आमच्या किराणा दुकानाचा रस्त्याकडचा अर्धा भाग पार्टिशन टाकून आम्ही इंटरनेटसाठी काढला होता. तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि फोनची एकच लाईन. ह्यांना बीडच्या व्यापाऱ्याला फोन लावायचा असला की माझी गिऱ्हाईकं हात बांधून बसायची. लग्नाआधी लातूरला मी सहा महिन्यांचा कोर्स केला होता. तेवढ्या शिदोरीवर मी लोकांचे निकाल बघून द्यायची, अर्ज भरून द्यायची, मेल वाचून दाखवायची. गुरुजी निवृत्तीनंतर नेकनूरला राहायला गेले होते. त्यांची एकुलती एक मुलगी बंगळूरला कॉम्प्युटर कंपनीत होती. तिची पत्रं मेलवर येत, म्हणून ते दर गुरुवारी एस्टीनं केजला येत. त्यांच्या पत्नी वारलेल्या. घरी फोन नव्हता. खातं मीच उघडून दिलं होतं, पासवर्डही दोघांनी मिळून ठरवला होता. मुलीचं पत्र आलं की ते एकदा मनात वाचायचे, एकदा पुटपुटत वाचायचे, मग प्रिंट काढून घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचे.

गेले सहा-सात गुरुवार प्रिंट काढली नव्हती. पत्रच येत नव्हतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

त्या गुरुवारी मात्र एक मेल आलेला होता, इंग्रजीत. मेलच्या कंपनीनंच पाठवलाय असं वर लिहिलेलं. तुमच्या खात्यावरून एक खरेदी झालेली आहे, ती तुम्ही केलेली नसेल तर चोवीस तासांच्या आत खालच्या निळ्या ओळीवरून आत जाऊन तसं कळवा, नाहीतर खातं कायमचं बंद करण्यात येईल. गुरुजींनी मला न बोलावता तो मेल एकेक शब्द लावत वाचला आणि निळी ओळ दाबली. कंपनीचं नेहमीचं पान उघडलं, तोच रंग, तेच चित्र. त्यात ते एका बोटानं पासवर्ड भरत होते. मी माझ्या खुर्चीवरून पाहिलं की पानाच्या वर, पत्त्याच्या पट्टीत, कंपनीचं नाव नाहीच, नुसते आकडे आहेत. तेवढ्यावर मी उठले.

याला आधीचं एक कारण होतं. दोन महिन्यांपूर्वी कोर्टातल्या एका कारकुनानं आमच्याच दुकानात असंच एक पान भरलं होतं आणि आठवड्यात त्याचं खातं दुसऱ्याच्याच हाती गेलं होतं. त्यानं भर बाजारात आमच्या दुकानाचं नाव घेतलं. तेव्हापासून मी निळ्या ओळीवर बाण नेऊन खाली बारीक अक्षरात कुठला पत्ता दिसतो ते बघायला शिकले होते. पण शिकले म्हणजे काय, अंदाजच.

गुरुजींना हे सगळं सांगितलं. मेलात तुमचं नाव नाही, नुसतं 'प्रिय ग्राहक' आहे. कंपनीनं खातं उघडताना पाठवलेला मेल काढून दाखवते, त्यात तुमचं नाव आहे. पत्ताही वेगळा आहे. ते ऐकत होते, पण नजर बंद पडलेल्या पानावर होती.

"आन् तू म्हणतीस ते चुकलं तर?" ते म्हणाले. "उद्या खातं बंद पडलं, तर तिनं लिवायचं कुठं? तिला मेलाचा दुसरा पत्ताच ठाऊक न्हाई."

चोवीस तासांतले किती गेले हेही माहीत नव्हतं. गुरुजींचं ऐकून पान भरू दिलं आणि ते खोटं निघालं तर खातं जाणार. माझं ऐकून सोडून दिलं आणि मेल खरा निघाला तरी खातं जाणार. ह्यांनी मध्ये पडून म्हटलं की गुरुजी, ती सांगती तसं करा. गुरुजींनी त्यांच्याकडे बघितलंही नाही.

मी वायर परत लावली. लाईट तीनला जाणार होती, तास-सव्वा तास हातात होता. मेलातली ओळ न दाबता कंपनीचा पत्ता मी स्वतः टाइप केला आणि खातं उघडलं. लगेच उघडलं. बंद पडणार असल्याची सूचना आत कुठेच नव्हती. पासवर्ड बदलून घेतला. नवा शब्द गुरुजींनी मला पाठ फिरवायला लावून स्वतः टाइप केला. मग माझ्या नेहमीच्या सवयीनं मी कचऱ्याच्या मेलांचा कप्पा उघडला. कंपनीला ज्या मेलांचा संशय येतो ते ती आपणहून तिकडे टाकते. आणखी असाच एखादा खोटा मेल असेल तर सगळं एकदम पुसून टाकावं, असं मनात होतं. पुसायच्या बटणावर बाण नेलाही होता.

चौथ्या ओळीवर गुरुजींचं पूर्ण नाव होतं.

तो मेल अठरा दिवसांपूर्वीचा होता, एका विमान कंपनीचा. आपल्या खरेदीबद्दल आभार, असं वर लिहिलेलं. खाली गुरुजींचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. पुण्याहून बंगळूर. शनिवार सकाळ. म्हणजे परवा.

गुरुजी मागे सरकून बसले. "पूस ते," म्हणाले. "येक खरेदी तिकडं, येक हिकडं. आताच तर तू म्हणलीस, खरेदीच्या मेलावर इस्वास ठिवायचा न्हाई."

बोलले ते बरोबर होतं. मेलच्या कंपनीनंच तो मेल कचऱ्यात टाकला होता, आणि खोटा मेल ऐटीत पुढच्या कप्प्यात बसला होता. पण या मेलात कुठेही पासवर्ड मागितलेला नव्हता. काही कळवा म्हणून धमकी नव्हती. आणि दुसरं, आडनावाच्या स्पेलिंगात एक अक्षर जास्तीचं होतं. मी गुरुजींना मतदानाचं ओळखपत्र मागितलं. त्यांनी कोटाच्या खिशातून काढून दिलं. तिथंही तेच अक्षर जास्तीचं होतं. ओळखपत्र करताना झालेली चूक जशीच्या तशी तिकिटावर उतरली होती.

"याची झेरॉक्स कुणाकडं हाय, गुरुजी?"

त्यांनी ओळखपत्र माझ्या हातातून घेऊन परत खिशात ठेवलं.

मी म्हटलं, बंगळूरच्या ताईंचा नंबर द्या, फोन लावून विचारते. नंबर त्यांच्याकडे होता, ते मला माहीत होतं, डायरीच्या पहिल्याच पानावर होता. पण त्यांनी डायरी काढली नाही. तिला विचारायचं न्हाई, एवढंच म्हणाले.

मग राहिली विमान कंपनी. मेलात एक नंबर होता, पण मेलातल्या नंबरावर विचारायचं म्हणजे चोरालाच विचारल्यासारखं होईल, अशी मला भीती. ह्यांना एकदम आठवलं की पेपरात या विमानांच्या अर्ध्या पानाच्या जाहिराती येतात. किराणा दुकानात पुड्या बांधायला रद्दीचा ढीग होता. आम्ही दोघं खाली बसून तो उपसायला लागलो. साखरेच्या पोत्यावर एक बाई टेकून बसल्या होत्या, त्यांना उठवलं. पावणेतीनला जाहिरात सापडली, कोपरा पुडीसाठी फाडलेला, पण नंबर शाबूत. मेलात होता तोच.

नेट बंद करून ह्यांनी पुण्याला फोन लावला. दोनदा लाईन लागली नाही. तिसऱ्यांदा लागली आणि गाणं वाजत राहिलं. लाईट गेली. अंधारात फोन तेवढा चालू होता. शेवटी एका मुलीचा आवाज आला, तेव्हा ह्यांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. मी कागदावर उतरवून ठेवलेला तिकिटाचा नंबर हिंदीत सांगितला, एकेक अक्षर करून. तिनं प्रवाशाचं नाव मला विचारलं, स्वतः सांगितलं नाही. मी सांगितलं. नाव ताडून ती म्हणाली की हो, तिकीट पक्कं आहे, पैसे भरलेले आहेत, ओळखपत्र आणि कागदाची प्रिंट घेऊन दोन तास आधी यायला सांगा.

मी ते गुरुजींना सांगितलं.

त्यांनी बंद कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं. मग माझ्याकडे न बघता बोलले.

"रईवारी तिचं लगीन हाय. पोरगा तिकडचाच, कानडी. मी येत न्हाई म्हणून लिवलं होतं. अजूनबी लई कायबाय लिवलं."

तेव्हा मला आठवलं, मागं एका गुरुवारी ते तासभर टाइप करत बसले होते आणि मी जवळ गेले तर हातानं पडदा झाकला होता. त्यानंतर मुलीचं पत्र आलं नव्हतं. तिनं उत्तर लिहिलं नाही, नुसतं तिकीट काढलं. आणि अठरा दिवस ते तिकीट कचऱ्यात पडून राहिलं. तो कप्पा आधी उघडायला हवा होता, हे मला त्या क्षणी फार लागलं. मी तसं म्हटलंही. गुरुजी म्हणाले, तुझा काय दोष.

लाईट पाचला यायची. ह्यांनी शेजारच्या झेरॉक्सवाल्याचं जनरेटर आमच्या एका कॉम्प्युटरला आणि प्रिंटरला जोडून घेतलं आणि आम्ही तिकिटाच्या दोन प्रिंट काढल्या. एक गुरुजींना दिली. त्यांनी ती घडी न करता हातातच धरली. जाणार का, हे विचारायचं मला धाडस झालं नाही. ह्यांनी एवढंच सांगितलं की पुण्याची गाडी उद्या रात्री आठला आहे, जागा धरून ठेवू का. गुरुजींनी मान हलवली. ती हो म्हणून की नको म्हणून, ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. ह्यांनी तरी जागा धरली.

शुक्रवारी रात्री हे स्टँडवर गेले. परत आले ते हसतच. गुरुजी त्यांच्याआधीच येऊन बसलेले होते, नवं धोतर, आणि मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा.

पुढचे तीन गुरुवार ते आले नाहीत. चौथ्या गुरुवारी आले, तेव्हा बंगळूरची मिठाई घेऊन आले आणि किराणा दुकानात ह्यांच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. विमानात खिडकीशी बसायला मिळालं, पण खाली बघितलं नाही. मुलगी बाहेर उभी होती. तिनं पाया पडून पिशवी घेतली. मग गाडीत तिनंच विचारलं की तुमी तिकिटाच्या मेलाला जबाबच दिला न्हाई, मला वाटलं येत न्हाईत. तरी ती रोज विमान कंपनीच्या पानावर बघत होती, त्यांची जागा रद्द तर झाली नाही ना म्हणून.

"मी तिला सांगितलं, गुरुवारपत्तोर मला सापडलंच न्हाई म्हणून," गुरुजी म्हणाले. "तिला खोटं वाटलं असंल."

मी म्हटलं, मी लिहून कळवते ताईंना. ते नको म्हणाले, त्यांनी तिला सगळं सांगितलं होतं, रद्दीपर्यंत. मग जावयाबद्दल बोलायला लागले. त्याची आई जेवताना त्यांच्या ताटात वाढतच राहते, तिला बास म्हणायला कानडीत काय म्हणतात ते त्यांनी शिकून घेतलं होतं. जावयाचं नाव मात्र त्यांच्या जिभेवर बसत नव्हतं. त्यांनी ते दोनदा उच्चारलं, आणि माझं माहेर लातूरचं, तिकडे कानडी जास्त, म्हणून बरोबर झालं का ते मला विचारलं.