प्लगवरचं कुंकू

इंदूवहिनींविषयी चार वाक्यं सांग, असं कोणी म्हटलं तर शामकांतला आजही चाचरायला होतं. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन त्याने काही वर्षं काढली. पण तिला काय आवडे, ती कशाला भीत असे, माहेरची आठवण आली की काय करी, यातलं काही त्याला ठाऊक नव्हतं. ती सोनईची, त्याच्या थोरल्या भावाची, नृसिंहाची बायको. हाताला चव होती, बोलणं बेताचं. माहिती इथेच संपली. एक मात्र खरं, की ओळख नसली तरी एका उन्हाळ्यात त्याने तिच्यावर पाळत ठेवली होती. तेवढ्यापुरती ती त्याला दिसली, आणि जी काही दिसली ती अशी.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर भिंगारच्या कॅम्पात लष्कराच्या जुन्या सामानाचे लिलाव निघत. नृसिंह कलेक्टर कचेरीत कारकून होता. कोटाला चुणी पडलेली त्याला खपत नसे. त्याने लिलावातून विजेची एक इस्त्री उचलून आणली. काळी, जड, मुठीला चीर गेलेली. माळीवाड्यातल्या त्यांच्या भाड्याच्या घरात वीज येऊन फार दिवस झाले नव्हते. दिव्यांखेरीज विजेवर चालणारी ही घरातली पहिलीच वस्तू.

दोन-चार दिवसांनी इंदू म्हणाली, "अहो, ही इस्त्री चावते."

"चावते म्हणजे?"

"मुंगळा डसल्यासारखं होतं. दंडापर्यंत कळ जाते. नेहमी नाही, मधूनच."

नृसिंह लाकडी खडावा वाजवत आला. घरातल्या थंड फरशीने त्याचे पाय दुखत, म्हणून तो दिवसभर खडावा घाली. त्याने इस्त्रीच्या पाठीवर बोट टेकवलं, थोडं थांबला, आणि बायकोकडे पाहिलं. मग शामकांतने हात लावून बघितला. त्यालाही काही झालं नाही.

"सोनईला कंदिलाच्या उजेडात वाढलेल्या माणसाला वीज चावायचीच," नृसिंह म्हणाला.

इंदू ते विसरली नाही. हात ओले असतील म्हणून तिने ते कोरडे केले, तरी चावली. बांगड्या मागे सारल्या, तरी चावली. एकदा फरशी गार लागते म्हणून ती पाटावर बसली, तर चावली नाही. तिने हे मोठ्या आशेने नवऱ्याला सांगितलं.

"म्हणजे इस्त्रीला सोवळंओवळं कळतं म्हणायचं. उद्या नैवेद्य मागेल."

शामकांतही हसला. पण त्याच आठवड्यात पाट मांडायचा राहिला. इस्त्री चावली, इंदूच्या हातून सुटली आणि कचेरीच्या कोटाच्या पाठीवर पडली. कोटावर पिंपळपानाएवढा तांबूस डाग उठला. नृसिंह ओरडला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "तुझ्या आईच्या अंगात यायचं ना?"

त्या दिवसापासून घराची हवा बदलली. इंदू काही बोलली की दोघे भाऊ एकमेकांकडे पाहत. ती गप्प राहिली तरी पाहत. 'थोडे दिवस सोनईला जाऊन ये, बरं वाटेल,' असं नृसिंह अधूनमधून म्हणू लागला. बरं वाटेपर्यंत माहेरी धाडलेल्या बायकांचं काय होतं ते गल्लीला ठाऊक होतं. समोरच्या साळूबाईंच्या सुनेला असंच धाडलं होतं. तिला बोलावणं गेलंच नाही. पुढे त्या घरात दुसरी सून आली.

शामकांत तेव्हा मास्तरकीच्या परीक्षेला बसला होता आणि दुपारचा घरी असे. एक दिवस तो वाचनालयातून लवकर परतला, तर मागच्या दाराशी बोलणं चाललेलं. कानिफनाथ नावाचा वायरमन उंबऱ्याबाहेर उकिडवा बसला होता. गल्लीतली तारांची कामं तोच करी. इंदू दाराआड उभी होती. शामकांतच्या कानावर शेवटचंच पडलं.

"घरात कुनाला सांगू नका, वैनी. लोकं भलतंच धरून बसत्यात."

शामकांतला पाहताच कानिफनाथने पिशवीत काहीतरी सारलं आणि तो उठला. "बल्ब गेल्ता का इचारायला आल्तो," असं म्हणून निघून गेला. घरातले सगळे बल्ब शाबूत होते. संध्याकाळी शामकांतने ते एकेक लावून पाहिले.

त्या दिवसापासून त्याचं पुस्तकात लक्ष लागेना. वहिनी मोरीत गेली की तो कान देई. ती देवघरात जास्त वेळ बसली की काहीतरी निमित्त काढून डोकावे. एकदा ती नळाला हात लावून नुसतीच उभी होती, विचारात. एकदा देवघरातला विजेचा दिवा काढून पुन्हा बसवत होती. "पुसत होते," ती म्हणाली. दिव्यावर धूळ तशीच होती.

आणि मग त्याला ते दिसलं. इस्त्रीच्या प्लगवर, दोन दांड्यांच्या मागे, एकाच बाजूला कुंकवाचं बोट उमटलं होतं. पुसट नव्हे, नीट टेकवलेलं.

कानिफनाथविषयी भावाला सांगायला त्याची जीभ रेटेना. कुंकवाचं सांगणं सोपं होतं. ते त्याने सांगितलं.

नृसिंहाने प्लग उलटसुलट करून पाहिला आणि पाटावर ठेवून दिला. त्याला पुन्हा हात लावला नाही. "आता करणीही सुरू झाली," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी सोनईकडे जाणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरपाशी त्याने निरोप दिला: सहादेवाने येऊन बहिणीला घेऊन जावं.

सहादेव इंदूचा थोरला भाऊ. सोनईला भिक्षुकी करी. आला, पाय धुतले, पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि सगळं ऐकून घेतलं.

"करणी म्हणता? करणीला लिंबू लागतं, बिबा लागतो. नुसत्या कुंकवात भागवायचं तर लई स्वस्ताई झाली म्हणायची."

"थट्टा नाही, सहादेवराव. गाठोडं बांधून तयार आहे."

गाठोडं खरोखरच दाराशी होतं. पण इंदू गाठोड्यापाशी नव्हती. ती इस्त्री घेऊन मोरीशी आली. दुसऱ्या हातात देवघरातला दिवा, आणि त्याच्या होल्डरला दोन लांब तारा जोडलेल्या. ती जोडणी तिला कानिफनाथने शिकवली होती आणि तो तिला टेस्टलॅम्प म्हणत असे, हे पुढे कळलं.

"अण्णा," ती भावाला म्हणाली, "निघायच्या आधी एवढं बघ. मी काही बोलणार नाही. दिवाच काय ते सांगेल."

तिने एक तार नळाला गुंडाळली, दुसरीचं टोक इस्त्रीच्या मागच्या खिळ्याला अडकवलं, आणि पाटावर उभी राहून प्लग खोचला. सगळ्यांनी दिव्याकडे पाहिलं. दिवा लागला नाही.

"झालं समाधान?" नृसिंह म्हणाला.

सहादेव गाठोड्याकडे वळला. शामकांतला सुटल्यासारखं वाटलं, आणि आपल्याला असं का वाटावं, ही शंकाही लगेच आली. इंदूने दिव्याकडे पाहिलंच नाही. ती खाली वाकून प्लग बघत होती. कुंकू खालच्या बाजूला होतं. तिने प्लग काढला, उलटा केला, कुंकू वर घेतलं आणि पुन्हा खोचला.

दिव्यातली तार निखाऱ्यासारखी लाल झाली.

मग नृसिंह पुढे झाला. त्याने स्वतः प्लग काढला, कुंकू खाली करून लावला. दिवा विझला. वर करून लावला. दिवा लाल.

"दिव्यातच काही खोट असेल."

"मग त्याच्यावर संशय घ्या. देवघरात लावून बघा."

त्याने तसं केलं. देवघरात दिवा स्वच्छ, पांढरा लागला.

"कुंकू वर असलं की इस्त्रीच्या अंगात वीज येते, खाली असलं की नाही," इंदू म्हणाली. "प्लग कसाही जातो, म्हणून कधी चावते, कधी नाही. कोणत्या बाजूने चावते ते ध्यानात राहावं म्हणून बोट लावलं होतं."

"कुंकू वर असो, खाली असो. मला एकदाही का नाही चावली?"

इंदूने त्याच्या पायांकडे पाहिलं. "खडावा काढा आणि कुंकू वर घेऊन बघा."

सहादेव मिशीत हसला. "काढा की, दाजी. सोवळ्यातली इस्त्री हाय, पादत्राण खपवून घेते आन् आपल्याच मानसाला डसते."

नृसिंहाने खडावा काढल्या नाहीत. तो स्वयंपाकघराकडे बघत म्हणाला, "सहादेवराव, जेवून जा." सहादेव जेवून एकटाच परत गेला. गाठोडं इंदूने संध्याकाळी सोडलं.

पुढे तिने इस्त्री उघडली. कानिफनाथ उंबऱ्याबाहेरून सांगे, ती आत करी. आता शामकांत तिथेच पुस्तक घेऊन बसलेला असे, म्हणून चोरून बोलायचं कारण उरलं नव्हतं. तापणाऱ्या तारेखालचा अभ्रकाचा पापुद्रा एका टोकाला तडकला होता. तिथून वीज लोखंडात झिरपत होती. तिने नवा पापुद्रा कापून घातला, पुन्हा दिवा लावून पाहिला, प्लग दोन्ही बाजूंनी. मग गल्लीतून एखादा पंखा, एखादी शेगडी तिच्याकडे येऊ लागली. "चालत नाही" असं कोणी सांगितलं तर ती मान हलवी, पण विश्वास ठेवत नसे. आधी तार, मग प्लग, मग बटण, असं एकेकाला तपासून सोडून देत ती बिघाडापर्यंत जाई. घरातल्या प्रत्येक प्लगवर कुंकवाचं बोट आलं.

कुंकवाची चहाडी कोणी केली हे तिने कधी विचारलं नाही. तिला ठाऊक होतं, असा शामकांतला संशय होता. तो कधी फिटला नाही.

राहुरीच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा शामकांत सकाळच्या मोटारीने निघाला. कोटाला त्यानेच इस्त्री केली होती. त्याने वाकून वहिनीला नमस्कार केला. ती त्यानंतर त्याला भेटली नाही. त्या वर्षीच्या तापाच्या साथीत ती गेली. पण तेव्हा ते कोणाला माहीत असणार? ती दारात उभी होती, हाताला पीठ.

"भावजी, इस्त्रीचा प्लग काढलात?"

"काढला, वहिनी."

"नक्की?"

"नक्की काढला."

"बरं," ती म्हणाली, "बघून येते."