मखरासाठी कापलेला क्रोटन

कोकणात क्रोटनला कोणी झाड म्हणत नाही. ते कुंपण. लाल, पिवळ्या, हिरव्या पानांचं, बारमाही, गुरं तोंड लावत नाहीत असं. आईच्या अंगणाच्या कडेने ते इतकं माजलेलं असायचं की गणपतीत कोणीही यावं आणि मखराला हव्या तेवढ्या फांद्या न्याव्यात. विचारायची पद्धतच नव्हती. कोणी विचारलं असतं तर आईला उलट परकेपणा वाटला असता.

पण हे लखनौ आहे. आईने ओल्या फडक्यात गुंडाळून दिलेली काडी मी चिनहटच्या कुंभारांकडून आणलेल्या कुंडीत लावली आणि पहिल्याच डिसेंबरात तिने सगळी पानं टाकली. शेजारचा माली म्हणाला, "मैडम, ये तो गया. फूल भी नहीं आता, फेंक दीजिए." मी फेकली नाही. दोन हिवाळे कुंडी घरात ठेवली, मग मानक नगरच्या आमच्या क्वार्टरमागे, दिवसभर ऊन येणाऱ्या भिंतीलगत झाड जमिनीत लावलं. दर थंडीत चार काठ्या रोवून त्यावर जुनी चादर बांधायची, सकाळी ऊन आलं की सोडायची, पाणी जवळजवळ बंद करायचं. एवढं केलं तरी पावसाळ्यात जून झालेली पानं अंगावर असतील तरच ते जानेवारीचं धुकं सोसतं. कोवळी फूट काळी पडून जाते. हे मला कोणी शिकवलं नाही, नुकसान सोसून शिकले.

आई गेल्यावर भावाने गावच्या अंगणात फरशा बसवल्या आणि कुंपण उपटून टाकलं. आईच्या हातचं जिवंत असं आता हे एकच झाड उरलं होतं.

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी मी निशातगंजला पूजेचं सामान आणायला गेले. परत आले तर माझ्या खांद्याला लागणाऱ्या झाडाचे नुसते खुंट उभे. नवरा खुशीत होता.

"अगं, मराठी मंडळाचे सेक्रेटरी आले होते. सगळ्या लखनौत असा क्रोटन नाही म्हणाले!"

"आणि तुम्ही कापू दिलात?"

"देवाचं काम. नाही कसं म्हणणार?"

हा रेल्वेतला इंजिनियर माणूस स्वतःचा स्क्रूड्रायव्हर देताना तीन वेळा विचार करतो. माझं झाड द्यायला त्याला क्षणही लागला नाही.

मी हातातली पिशवी तिथेच टाकली आणि मंडपात गेले. सेक्रेटरी स्टुलावर चढून फांद्या बांधत होते. निवृत्त शास्त्रज्ञ, मूळचे मालवणकडचे. पांढऱ्या कुर्त्यावर क्रोटनचा चीक सांडलेला. तो डाग कधी निघत नाही. मी सांगितलं नाही.

"या या, वहिनी! बघा, अगदी गावासारखं वाटतंय!"

"मला न विचारता कापलंत?"

"भाईसाहेबांना विचारलं ना. अरे यार वहिनी, पत्ते ही तो हैं. आपल्याकडे कापाल तितकं वाढतं."

"आपल्याकडे म्हणजे कुठे? तीस वर्षं तुम्ही इथे राहता. इथली थंडी ठाऊक नाही तुम्हाला?"

त्यांनी बांधायला घेतलेली फांदी खाली घेतली. "अच्छा... ये तो सोचा ही नहीं," एवढंच म्हणाले. मागून कोणीतरी मला हळू बोलायला सांगितलं, उद्या देव बसायचाय म्हणून. मी आणखी मोठ्याने बोलले. मखरातल्या चार फांद्या सर्वांदेखत उपटल्या आणि घरी आणून कुंडीत लावल्या.

त्या रुजल्या, पण थंडी आली तेव्हा कोवळ्याच होत्या. घरात ठेवूनही गेल्या. मोठ्या झाडाला ऑक्टोबरात फूट आली तेव्हा नवरा म्हणाला, "बघ, उगाच तमाशा केलास." मी दोन चादरी बांधल्या. जानेवारीत फूट काळी पडली. मार्चमध्ये नखाने साल खरवडून बघितली, आत सगळं तपकिरी होतं. मग नवऱ्याने नर्सरीतून नवा क्रोटन आणला. "सेम टू सेम," म्हणाला. मी दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. नव्या झाडाला मात्र पाणी घालते, त्याचा काय दोष?

क्रोटनचा फोटो कोण काढतं? मीही कधी काढला नव्हता. आईच्या झाडाची भरली पानं आता फक्त मंडळाच्या ग्रुपवर आलेल्या एका फोटोत आहेत, मखराला सुतळीने बांधलेली. रागाने मी तो तीनदा डिलीट करायला गेले. निदान सेक्रेटरींना तरी कापून टाकता येईल का तेही बघितलं. येत नाही. ते हसत अगदी मधोमध उभे आहेत आणि दोन्ही हातांत आईच्या झाडाच्या फांद्या आहेत.